खर्जाची घराणी

कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी लिओ फेंडर यांचा जो गिटारींचा कारखाना होता, त्यातून १९६२ साली बाहेर पडलेल्या दोन बेस गिटारींची हकीकत मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आली आहे. त्यांपैकी एक ‘प्रिसिजन’ घाटाची. ती डेट्रॉइट शहरी, वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील एका साध्या घराच्या गॅरेजात मोटाउन कंपनीने थाटलेल्या ध्वनिमुद्रणशाळेत, जेम्स जेमरसन या वादकाच्या हाती वर्षानुवर्षे वाजत राहिली. दुसरी ‘जाझ’ घाटाची. ती वापरलेला जिन्नस म्हणून फिरत फिरत फ्लोरिडातील जॅको पास्टोरियस या तरुणाच्या हाती आली. दोन्हींचा कारखाना एक, साल एक, तारेची लांबी एकच म्हणजे ३४ इंच, आणि चार तारांचे स्वरही तेच, गिटारीच्या खालच्या चार तारांच्या बरोबर एक सप्तक खाली लावलेले; परंतु जेमरसनच्या हातचा खर्ज हा जमिनीत खोल रुतलेल्या खांबासारखा भरीव आणि अबोल, तर जॅकोच्या हातचा खर्ज माणसाच्या कंठातून यावा तसा लवचीक, गाता आणि किंचित अनुनासिक. एका छपराखाली जन्मलेल्या दोन वाद्यांच्या स्वभावात एवढे अंतर पडावे, याचे श्रेय कारखान्याला किती आणि वादकाला किती, हा प्रश्न बेस गिटारीच्या इतिहासात पदोपदी उभा राहतो.

आज बेस गिटार घेण्यास निघालेल्या माणसापुढे जे प्रमुख घाट मांडले जातात, ते जवळजवळ सर्व १९५१ ते १९७६ या पंचवीस वर्षांत निश्चित झालेले आहेत, आणि आपल्या गायकीच्या परिभाषेत त्यांना घराणी म्हटले तर ते गैर होणार नाही, कारण प्रत्येकाची स्वर लावण्याची रीत निराळी, प्रत्येकाचे मूळ पुरुष निराळे आणि प्रत्येकाचे अभिमानीही निराळे. परंतु या घराण्यांची वंशावळ बारकाईने तपासू लागले म्हणजे एक विलक्षण गोष्ट प्रत्ययास येते: ज्या वादकांनी ती नावारूपास आणली, त्यांनी आपले वाद्य केवळ कानाने पारखून घेतले असे क्वचितच घडले. किंमत, हाताची ठेवण, मालकाचा हुकूम, हवामान, सोबत्याची गैरहजेरी अशा नाना कारणांनी वाद्य पदरी पडले, आणि मग त्या पदरी पडलेल्या वाद्यातून वादकाने आपला स्वर काढला.

मुळात हे वाद्यच अडचणीतून जन्मास आले. अमेरिकेतील नृत्यगृहांत आणि जाझच्या ताफ्यांत खर्जाचे काम डबल बेसकडे असे. पुरुषभर उंचीचे, पोकळ, हवेतील ओलाव्याने फुगणारे आणि प्रवासात फुटणारे ते वाद्य, ट्रंपेट आणि ढोलांच्या गदारोळात पहिल्या रांगेपलीकडे ऐकू येत नसे. सिअ‍ॅटल येथील वादक, संगीतशिक्षक आणि कारागीर पॉल टुटमार्क यांनी १९३०च्या दशकाच्या मध्यास ‘ऑडिओव्हॉक्स ७३६’ या नावाने आडवे धरून वाजवावयाचे, भरीव लाकडाचे, पडदे बसवलेले एक विद्युत खर्जवाद्य तयार केले, त्यामागील प्रेरणा त्यांच्या मुलाने नमूद करून ठेवली आहे: ताफ्यातील इतर मंडळी एका मोटारीतून गप्पागोष्टी करीत प्रवास करीत, आणि डबल बेसवाल्याच्या मोटारीत त्या वाद्याखेरीज दुसऱ्या कोणास जागाच उरत नसल्याने तो बिचारा नेहमी एकटा जाई, याची टुटमार्क यांना करुणा वाटे. एवढ्या सहृदय हेतूने घडविलेले हे वाद्य अल्प संख्येने निघाले आणि विस्मृतीत गेले. काळ अनुकूल नव्हता. आणि टुटमार्क यांच्या पाठीशी फेंडर यांच्यासारखी विक्रीची व्यवस्था नव्हती.

लिओ फेंडर हे शिक्षणाने हिशेबनीस आणि व्यवसायाने रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांना गिटार वाजविता येत नसे, आणि माझ्या मते हीच गोष्ट त्यांच्या पथ्यावर पडली, कारण वाद्यपरंपरेची भीड त्यांच्या मनावर नव्हती. त्यांनी १९५१ साली बाजारात आणलेली ‘प्रिसिजन बेस’ म्हणजे लाकडाची एक सपाट फळी, तिला बोल्टांनी जखडलेली मेपलची दांडी, चार खुंट्या, धातूची घोडी आणि मध्यावर एकच पिकअप, इतका साधा ऐवज होता. दांडीवरील पडद्यांमुळे स्वर नेमका लागतो, यावरून नाव पडले. डबल बेसच्या तारेची लांबी सुमारे ४२ इंच असते. फेंडर यांनी लहानमोठी मापे तपासून ३४ इंच ठरविली, आणि पुढे त्या मापाला इतकी मान्यता मिळाली की आज ‘लांब दांडी’ म्हटले की तेच अभिप्रेत असते. दांडी सुटी करून बदलता यावी, बिघाड झाल्यास दुरुस्तीवाल्याने पेचकसाने उघडून पाहावे, ही दुरुस्तीच्या दुकानात आयुष्य घालविलेल्या माणसाची दृष्टी त्या वाद्याच्या प्रत्येक सांध्यात दिसते. दुसऱ्या वर्षी त्यांनी तिच्यासाठी ‘बेसमन’ हा ध्वनिवर्धकही काढला, कारण तेवढा खोल स्वर पेलणारे यंत्र उपलब्ध असल्याखेरीज वाद्याला अर्थ नव्हता.

तिचा स्वीकार मात्र सन्मानाने झाला असे म्हणता येत नाही. लायोनेल हॅम्प्टन यांच्या ताफ्यात प्रथम रॉय जॉन्सन आणि त्यांच्यामागून मंक माँटगोमेरी यांनी ती वाजविली. माँटगोमेरी हे डबल बेसचे अभिमानी वादक, त्यांना हे नवे वाद्य हीन कुळातील वाटे, परंतु ताफ्याच्या मालकाने ते हाती दिले आणि तेच वाजविले पाहिजे असा दंडक घातला, तेव्हा त्यांचा इलाज चालला नाही. पुढे त्यांनी त्याचा इतका कसून अभ्यास केला की १९५३ साली ते जाझच्या ध्वनिमुद्रणात मानाने बसले. पहिल्याच नामांकित वादकाने हे वाद्य हुकमापोटी हाती घेतले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

घराण्यांतील भेद समजून घेण्यासाठी पिकअपचे कार्य थोडे पाहिले पाहिजे. लोहचुंबकाभोवती बारीक तारेचे हजारो वेढे घातलेले असतात. वरून जाणारी पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांतून सूक्ष्म प्रवाह वाहू लागतो. परंतु कंप पावणारी तार सर्व ठिकाणी सारखी हलत नाही. दांडीच्या बाजूला तिचा मूळ स्वर प्रबळ असतो, तर घोडीजवळ उपस्वर वरचढ ठरतात. म्हणून दांडीकडील पिकअप गोल, जड बोलतो आणि घोडीकडील पिकअप करकरीत, धारदार. प्रिसिजनचा पिकअप या दोहोंच्या मधोमध आहे. १९५७ साली फेंडर यांनी तो दुभागला आणि त्याचे दोन अर्ध एकमेकांपासून किंचित सरकवून, जोडणी अशी उलटी केली की विजेच्या तारांतून येणारा घुंघुं असा उपद्रवी ध्वनी परस्पर नाहीसा व्हावा. साठांहून अधिक वर्षे उलटली तरी या रचनेत सुधारणेला फारशी जागा कोणास सापडलेली नाही, आणि एखाद्या कारागिराच्या बुद्धीचा सर्वोत्तम दाखला म्हणून मी तिचाच निर्देश करीन.

१९६० साली आलेली ‘जाझ बेस’ ही याच कारखान्याची अधिक खर्चाची आवृत्ती. तिची कंबर तिरकस, माथ्याकडे दांडी दीड इंच रुंद, जेथे प्रिसिजनची पावणेदोन इंच असे, आणि पिकअप दोन, स्वतंत्र नियंत्रणांचे. जाझ वादकांना डबल बेसवरून या बाजूला वळविण्याची तजवीज त्यामागे होती. परंतु जाझच्या बहुसंख्य वादकांनी आपले जुने वाद्य सोडले नाही, आणि ही गिटार रॉक, सोल आणि फंक या संगीतप्रकारांत स्थिरावली. लहान हाताच्या वादकांना तिची अरुंद दांडी सोयीची वाटली, दोन पिकअपांच्या मिश्रणातून स्वराच्या अनेक छटा निघू लागल्या, आणि निर्मात्याने योजिलेले गिऱ्हाईक सोडून भलत्याच मुलखात तिची कीर्ती पसरली.

इकडे जर्मनीत एक निराळीच शाखा फुटली होती. बोहेमियातील शोनबाख हे व्हायोलिन बनविणाऱ्यांचे जुने गाव. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील जर्मन कुटुंबांना देशोधडीला लागावे लागले, आणि त्यांतील पुष्कळ कारागीर बव्हेरियातील बुबेनरॉयट या खेड्यात नव्याने वसले. १८८७ साली स्थापन झालेली होफनर ही पेढीही त्यांच्यासमवेत होती. वॉल्टर होफनर यांनी १९५५-५६च्या सुमारास बेस गिटार आखली तेव्हा त्यांच्या हाताला जे ठाऊक होते तेच उतरले: व्हायोलिनच्या आकाराचे, पातळ लाकडाचे, पोकळ, वजनाने हलके वाद्य, तारेची लांबी अवघी ३० इंच. निर्वासित कारागिरांच्या शतकभराच्या सवयीतून निघालेले हे वाद्य हॅम्बुर्गच्या एका दुकानात १९६१ साली पॉल मॅकार्टनी यांच्या नजरेस पडले. बीटल्सचे पहिले बेसवादक स्टुअर्ट सटक्लिफ संच सोडत होते आणि ते काम मॅकार्टनींच्या अंगावर आले होते. खिशात पैसा बेताचा, आणि ते डावखुरे. फेंडर परवडणारी नव्हती, होफनर सुमारे तीस पौंडांत मिळत होती, आणि तिच्या दोन्ही बाजू सारख्या असल्याने डाव्या हाताने धरली तरी ती उलटी दिसत नव्हती. एवढ्या व्यावहारिक विचाराने घेतलेल्या त्या वाद्याचा मऊ, थोडा टपटपणारा, लवकर विरणारा खर्ज पुढे कोट्यवधी लोकांच्या कानांत बसला. ती पहिली गिटार १९७२ साली लंडनमध्ये चोरीस गेली आणि अर्धशतकानंतर, २०२४च्या प्रारंभी, ती मालकाकडे परतल्याचे जाहीर झाले, तेव्हा तिच्यासाठी जगभरच्या माणसांना झालेला आनंद मला अगदी यथोचित वाटला.

गिब्सन आणि रिकेनबॅकर या अमेरिकन पेढ्यांविषयी थोडक्यात सांगतो. गिब्सनने १९५३ सालीच व्हायोलिनच्या आकाराची, उभी करूनही वाजविता येईल अशी बेस गिटार काढली होती. १९६१च्या त्यांच्या ‘ईबी-३’ला जॅक ब्रूस यांच्या हाती कीर्ती लाभली, कारण आखूड तारेवर ताण कमी असल्याने ती ओढून स्वर वाकविता येई. रिकेनबॅकरची रचना १९५७ साली रॉजर रॉसमाइझल या जर्मन कारागिराने केली. तिची दांडी अंगातून आरपार जाते, आणि तिचा खणखणीत स्वर ख्रिस स्क्वायर यांनी ‘येस’ या संचात गिटारीच्या बरोबरीला आणून बसविला. दोन्ही घराणी थोर, पण त्यांचा शिष्यवर्ग फेंडरच्या मानाने मर्यादितच राहिला.

जेमरसनकडे पुन्हा वळलेच पाहिजे, कारण ‘प्रिसिजन’चा स्वर म्हणून जो आज विकला जातो तो मुख्यतः त्याचा आहे. तो डबल बेसवर शिकलेला. त्यामुळे उजव्या हाताची फक्त तर्जनी वापरावी, तारा जाड आणि दांडीपासून उंच ठेवाव्यात, ही तिकडचीच सवय त्याने विद्युत वाद्यावर आणली. त्याच्या तारांवरील वेष्टन सपाट असे, ज्याने बोट घसरण्याचा आवाज होत नाही आणि उपस्वर दबतात. आणि त्या तारा तुटल्याखेरीज तो बदलीत नसे. घोडीवरील झाकणाखाली फोमचा तुकडा असे, त्याने स्वर लांबत नसे. एवढ्या सगळ्या बंधनांत, चार तारांवर आणि एका बोटाने, त्याने जे तोडे रचले, ते गाण्याच्या पोटात दुसरे गाणे असावे असे आहेत. मोटाउनने त्या काळातील तबकड्यांवर वादकांची नावे छापण्याचा शिरस्ता ठेवला नव्हता; ज्याच्या खर्जावर सारी दुनिया नाचली, तो माणूस बहुतांशी अनाम राहिला. १९८३ साली त्याच्या मृत्यूच्या थोडे आधी त्याची ती गिटारही चोरीस गेली. हा अन्याय मला कोणत्याही ऐतिहासिक अन्यायाइतकाच बोचतो.

लॉस एंजेलिस येथे कॅरोल के या गिटारवादिका १९६३ साली एका ध्वनिमुद्रणास गेल्या असता बेसवादक आला नाही, म्हणून त्यांनी ते वाद्य हाती घेतले आणि पुढे शेकडो गीतांचा खर्ज त्यांच्या नखीने वाजविला गेला. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात लॅरी ग्रॅहम हा तरुण आपल्या आईबरोबर वाजवीत असे. ऑर्गन बिघडला म्हणून त्याने बेस भाड्याने आणली, आणि संचात ढोलवाला नाही म्हणून ढोलाचा ठोका अंगठ्याने तारेवर आपटून आणि स्नेअर ड्रमचा ठोका बोटाने तार उपसून काढू लागला. त्या उणिवेतून जे तंत्र निघाले त्याने फंक संगीताचे रूप पालटले. आणि त्या तंत्राला जाझ बेसचा घोडीकडील पिकअप आणि खरखरीत वेष्टनाच्या नव्या तारा विशेष मानवल्या. अशा तारांना १९६६च्या सुमारास लंडनमध्ये बेसवादक जॉन एन्टविसल यांच्या आग्रहाने रोटोसाउंड कारखान्याने जे परिपूर्ण रूप दिले, ते बेस गिटारीच्या स्वरातील दुसरे स्थित्यंतर होय. इथे मात्र वादकाला काय हवे ते आधी ठाऊक होते.

जॅकोची कथा हवामानाची. फ्लोरिडाच्या दमट हवेत त्याचे डबल बेस सांध्यांतून निखळले, आणि तो स्वर सोडवेना म्हणून त्याने आपल्या जाझ बेसचे पडदे उपटून काढले, खाचा बुजविल्या आणि दांडीवर नावांना लावतात तो रेझिनचा कडक लेप चढविला, जेणेकरून खरखरीत तारांनी लाकूड कुरतडले जाऊ नये. आपल्या सरोदियाला पडद्यांवाचून मींड काढताना जे स्वातंत्र्य मिळते, ते खर्जाच्या तारेला अशा रीतीने मिळाले. घोडीकडील पिकअप पुढे केल्याने तो स्वर गाऊ लागला. १९७६ साली त्याची स्वतःच्या नावाची तबकडी निघाली आणि जगातील बेसवादकांचे दोन तट पडले: ती ऐकण्यापूर्वीचे आणि नंतरचे. ही गिटारही १९८६ साली न्यू यॉर्क येथे नाहीशी झाली. तो पुढल्याच वर्षी अकाली गेला. वाद्य मात्र दोन दशकांनंतर पुन्हा उजेडात आले.

त्याच १९७६ सालचे ‘स्टिंगरे’ हे म्यूझिक मॅन कंपनीचे वाद्य पुन्हा लिओ फेंडर यांच्याच हातचे. आपला मूळ कारखाना त्यांनी १९६५च्या जानेवारीत सीबीएस या कंपनीस १ कोटी ३० लाख डॉलरांना विकला होता. आता वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी त्यांनी एकच जाड पिकअप घोडीच्या बाजूला बसविला आणि आत बॅटरीवर चालणारे छोटे वर्धकयंत्र घातले, ज्याची मांडणी त्यांचे सहकारी टॉम वॉकर यांची. विद्युतशक्ती वाद्याच्या पोटातच आल्याने स्वर धारदार आणि ठोसेबाज झाला, आणि लुई जॉन्सन, बर्नार्ड एडवर्ड्स यांच्या हातून नृत्यसंगीतात तो सर्वत्र पसरला.

आपल्याकडील संबंध अल्प असला तरी खरा आहे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेले वादक मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांचा कणा होते, आणि डबल बेसवरून विद्युत वाद्याकडे होणारे स्थित्यंतर त्यांच्याच हातून घडले. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांची बेस गिटार ही केवळ तालाची सोबत राहिली नाही. डग्ग्याच्या घुमाऱ्याशेजारी आपली जागा राखून ती स्वतंत्र वाक्य बोलू लागली. आयात परवान्यांच्या त्या काळात परदेशी वाद्य मिळणेच दुष्कर, मग घाटांची निवड करण्याचा प्रश्न बहुतेकांपुढे उद्‌भवतच नसे; मिळेल त्या वाद्यावर बोटांनी स्वर सावरून घ्यावा लागे.

निवडीचा खरा पुरस्कर्ता मला न्यू यॉर्कचे अँथनी जॅक्सन वाटतात. जेमरसनचे ते निस्सीम भक्त; परंतु त्यांनी असा प्रश्न उपस्थित केला की हे वाद्य जर गिटारीच्या कुळातले सर्वांत खालच्या स्वराचे अपत्य असेल, तर त्याला सहा तारा का नसाव्यात. चार तारा केवळ एवढ्यासाठी होत्या की फेंडर यांच्या डोळ्यांपुढे डबल बेस होता. जॅक्सन यांनी खाली एक आणि वर एक तार वाढवून, सेकंदाला सुमारे ३१ कंपनांपर्यंत उतरणारे वाद्य मनात योजिले, त्याला ‘काँट्राबेस गिटार’ असे नाव दिले, आणि १९७५ साली कार्ल थॉम्पसन या कारागिराकडून ते घडवून घेतले. पहिल्या वाद्यात तारा फारच जवळ जवळ आल्या होत्या. त्यांनी ते पत्करले नाही. एकामागून एक कारागीर गाठून तारांमधील अंतर वाढवून घेतले, दांडी रुंद करविली, आणि पुढे तारेची लांबीही ३४ इंचांवरून ३६वर नेली.